प्लेटमागचा माणूस

थियाने हॉट डॉग आजोबांच्या उजव्या हातात दिला, मग डाव्या हाताचं बोट धरून मोहरीच्या सॉसच्या पुडीवर टेकवलं.

"फाडून ठेवलीय. एकदम दाबू नकोस. मागच्या वेळी पुढच्या बाईच्या पर्सवर उडाली होती."

"ती बाई आलीय का आज?"

"नाही. आज एक जाडा माणूस आहे, आपल्या शेजारीच. त्याच्या हातात ते मोठं फोमचं बोट आहे. हलवलं की तुझ्या टोपीला लागेल."

"लागू दे की. टोपी जुनीच आहे."

शेजारी कोणीतरी मोठ्याने हसलं. "जाडा माणूस ऐकतोय बरं का, बाळा," आवाज म्हणाला. "काका, मी रँडल. आणि ही माझी दोन वांड कार्टी. त्रास झाला तर सरळ धपाटा घाला, माझी परवानगी आहे."

आजोबाने, ऑरिनने, आवाजाच्या दिशेने हात पुढे केला आणि रँडलने तो धरून हलवला. पांढरी काठी ऑरिनने गुडघ्यांमध्ये उभी धरली होती. पुडी बोटांनी चाचपत त्याने मोहरी पावावर ओतली. थोडी पँटवर सांडली, ती थियाने कागदाने पुसून टाकली.

रविवारची दुपारची बेसबॉलची मॅच होती. बेलफोर्डच्या मैदानावर रविवारी पोराबाळांचीच गर्दी. गावच्या हेरॉन्स संघाचा तो लांब चोचीचा बगळा, म्हणजे बगळ्याच्या वेषातला माणूस, बाकांमधून फिरत मुलांच्या डोक्यावर चोच आपटत होता. थियाची आई पॉला दवाखान्यात रविवारच्या पाळीवर गेली होती, म्हणून दोघं बसने आले होते, आजोबा आणि नात. आजचं तिकीट त्यांनी महिनाभर आधीच काढून ठेवलं होतं. कारण आज बॅटरजवळच्या त्या पांढऱ्या प्लेटमागे, पिचरने टाकलेला प्रत्येक चेंडू बघून, चौकटीतून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल, ते सांगायला, क्लेटन उभा राहणार होता. ऑरिनचा मुलगा, थियाचा बाप. उन्हाळाभर तो या गावाहून त्या गावाला पंचगिरी करत हिंडे, आणि स्वतःच्या गावात यायची पाळी कशीबशी एकदा लागे.

काल रात्री मात्र तो घरी जेवायला आला नव्हता. थकलोय म्हणाला, बरोबरच्या पंचांसोबत मोटेलवरच झोपतो म्हणाला. सकाळी फोनवर थियाला त्याने सांगितलं, मॅच संपली की खाली उजव्या अंगाच्या कठड्यापाशी थांबा, मी येतो.

"आला!" थिया उठून उभी राहिली. "डॅडी आला. काळा शर्ट. मास्क काखेत. आता वाकून ब्रशने प्लेट झाडतोय."

"नीट झाडतोय का?"

"आईपेक्षा नीट."

ऑरिन हसला. त्याला मैदान दिसत नव्हतं असं नाही. हिरवं दिसत होतं, मातीचा तपकिरी पट्टा दिसत होता. पण जिकडे बघावं तिकडे बरोबर मधोमध एक करडा ठिपका येऊन बसे आणि ज्याला बघायचं तोच त्यात बुडे. चाळिशीला टेकला होता तेव्हा लेथ मशीनवर हे सुरू झालं, आणि दोन वर्षांत काम सुटलं. आता माणूस बघायचा तर त्याच्याकडे बघायचं नाही, तोंड थोडं उजवीकडे फिरवायचं, म्हणजे डाव्या कडेला तो माणूस हळूच उगवतो, चेहऱ्याविना. नवीन माणसांना वाटे, म्हातारा शिष्ट आहे, बोलताना दुसरीकडे बघतो.

पहिला डाव बरा गेला. थिया सांगत होती, ऑरिन मान डोलावत होता. दुसऱ्या डावात हेरॉन्सच्या बॅटरने स्ट्राइकचा निर्णय ऐकला आणि लगेच हेल्मेटवर टपली मारली.

"चॅलेंज," थिया म्हणाली.

मोठ्या पडद्यावर चेंडूची वाट पुन्हा दिसली. चेंडू चौकटीच्या चांगलाच बाहेरून गेला होता. लोक खूश होऊन ओरडले. क्लेटनने हाताने खूण करून स्वतःचा निर्णय बदलला.

"एखादा चुकतो," ऑरिन म्हणाला. "सगळ्यांचाच चुकतो."

पुढच्या बॅटरने पुन्हा टपली मारली. पुन्हा चेंडू बाहेर. मग पाहुण्या संघाच्या कॅचरने, बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्याने, मारली, त्याच्या बाजूनेही चूक निघाली. हल्लीचा नियम असा की चॅलेंज बरोबर निघालं तर ते वाया जात नाही, पुन्हा मागता येतं. त्यामुळे आज दोन्ही संघांकडची चॅलेंज संपतच नव्हती. चौथ्या डावापर्यंत लोक पिचरने चेंडू टाकण्याआधीच पडद्याकडे बघायला लागले. लहान मुलंसुद्धा स्वतःच्या डोक्यावर टपल्या मारत खिदळत होती.

"अरे ए, चष्मा घरी विसरलास का?"

"बायकोला विचार, ती सांगेल कुठे पडला चेंडू!"

"अरे, मोबाइलवर गेम खेळतोयस की काय तिथे?"

थियाचं सांगणं कमी झालं होतं. आता ती नुसतं "बॉल" म्हणे, "स्ट्राइक" म्हणे, आणि पडद्यावर काय आलं ते सांगत नसे. ते ऑरिनला लोकांच्या आवाजावरून कळे.

पाचव्या डावात पुन्हा एक निर्णय फिरला तेव्हा रँडल फोमचं बोट वर करून उठला. "ओ काका! तुमची ती काठी जरा द्या ना त्याला! तुमच्यापेक्षा त्यालाच जास्त गरज आहे!"

आजूबाजूच्या तीन-चार रांगा हसल्या. कोणीतरी टाळी दिली. ऑरिनच्या चेहऱ्यावरही हसू आलं, सवयीने आलं, आणि तिथेच राहिलं.

"तो माझा डॅडी आहे," थिया म्हणाली.

ती ओरडली नव्हती. पण रँडल खाली बसला. त्याचा मोठा मुलगा अजून हसत होता, त्याला त्याने कोपराने ढोसलं. मग तो उठून कुठेतरी गेला, आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात हेरॉन्सच्या छोट्या प्लॅस्टिकच्या हेल्मेटमध्ये भरलेलं आइस्क्रीम होतं.

"घे बाळा. हे असं आम्ही सगळेच ओरडतो गं. मनात काही नसतं. काका, तुम्ही तरी सांगा तिला."

"मीसुद्धा ओरडायचो," ऑरिन म्हणाला. "वर्षानुवर्षं. ह्याच बाकांवरून. पोरगा पंच झाला तेव्हा तोंड बंद केलं."

"मग बरोबर," रँडल म्हणाला. आणि त्याने पोरांच्या टोप्या सरळ केल्या.

थियाने आइस्क्रीम मांडीवर ठेवलं. खाल्लं नाही. बराच वेळ ती प्लेटकडे बघत होती.

"आजोबा, डॅडी आज वेगळाच बसतोय."

"वेगळा म्हणजे कसा?"

"कॅचरच्या मागे वाकतो ना, तेव्हा आधी सरळ बघायचा. आज पिचरने हात मागे नेला की तो तोंड फिरवतो. थोडंसंच. म्हणजे कोणीतरी बाजूने हाक मारल्यासारखं."

ऑरिनच्या हातातला कागद चुरगळायचा थांबला.

"दर वेळी?"

"दर वेळी."

"कुठल्या बाजूला?"

"डावीकडे. त्याच्या डावीकडे. आता बघ, आता पिचर... हं. फिरवलं."

ऑरिनने कागद गुडघ्यावर सपाट केला, दुमडला, पुन्हा दुमडला. मग एकेक बोट पुसलं, पुसलेलंच पुन्हा पुसलं. डॉक्टरने तेव्हा सांगितलं होतं, हा डोळ्यांचा आजार मुलात येईल किंवा येणार नाही, नाणं उडवल्यासारखं आहे. क्लेटन तेव्हा थियापेक्षाही लहान होता. नंतर त्याची नजर अशी निघाली की अंगणातून छपरावरच्या पक्ष्याचा पाय मोडलेला ओळखायचा. मग घरात तो विषय कोणी काढला नाही.

"थिया, इकडे बघ. माझ्याकडे. सरळ बघ."

"बघतेय."

"माझं नाक दिसतं?"

"दिसतं. त्याला मोहरी लागलीय."

"मान सरळ आहे ना तुझी?"

"आहे की. असं काय विचारतोस?"

त्याने तिच्या कपाळावर तळहात ठेवला, ताप बघावा तसा, आणि तिची मान हाताने चाचपली. सरळ होती. "काही नाही," तो म्हणाला. "खा ते. वितळेल."

सहाव्या डावाच्या शेवटी बॅटला नुसता घासून गेलेला एक जोरदार चेंडू थेट क्लेटनच्या मास्कवर बसला. आवाज वरच्या रांगांपर्यंत आला. लोकांच्या तोंडातलं हसू अर्ध्यावर राहिलं.

"काय झालं? थिया?"

"तो खाली बसलाय. एका गुडघ्यावर." तिचा आवाज बारीक झाला होता. "तो बाजूला झालाच नाही, आजोबा. हललाच नाही."

"मास्क काढला?"

"काढला. डॉक्टर आलाय. बोटं दाखवतोय त्याला. डॅडी मान हलवतोय." थोड्या वेळाने ती म्हणाली, "कॅचर उगाचच पिचरशी बोलायला गेलाय. हळूहळू चालतोय."

"त्याला दम घ्यायला वेळ मिळावा म्हणून," रँडल हलक्या आवाजात म्हणाला. "चांगला आहे तो कॅचर."

क्लेटन उभा राहिला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांनी शिव्या दिल्या होत्या त्यांनीही वाजवल्या, रँडलने तर शिट्टीही मारली. ऑरिनचे हात काठीवरच होते. सातव्या डावात रिवाजाप्रमाणे सगळं मैदान उठून गाऊ लागलं, तेव्हा थिया उभी राहिली आणि तो बसून राहिला. तिने त्याला उठवलं नाही.

हेरॉन्स हरले. त्याचं कोणाला फारसं दुःख नव्हतं, कारण रविवारी मॅच संपली की मुलांना मैदानात सोडत, आणि सगळी पोरं एकापाठोपाठ एक, चौकोनाच्या कोपऱ्यांवरच्या बेसवरून, पळून येत. कर्णा वाजला तशी पोरं आईबापांचे हात सोडवून खाली धावली. रँडलने जाताना ऑरिनच्या खांद्यावर हात ठेवला, काही बोलायचं होतं बहुतेक, पण धाकटा कार्टा पायऱ्यांवरून घसरला आणि तो त्याच्यामागे पळाला.

थियाने आजोबांना कठड्यापाशी आणलं. क्लेटन आधीच येऊन उभा होता. केस ओले, अंगात साधा करडा शर्ट, हातात बॅग. त्याच्या बाजूने माणसं जात होती, दुपारभर ज्याच्या नावाने बोंबलत होती त्याला कोणी ओळखत नव्हतं. थियाने त्याला मिठी मारली आणि लगेच त्याच्या हनुवटीला हात लावून बघितलं.

"दुखतंय?"

"मास्क असतो गं. मास्क कशाला असतो मग? जा, लाइनला लाग. पळायचं नाही का तुला?"

"तुम्ही इथेच थांबणार ना?"

"इथेच."

ती गेली. पोरांची रांग उजव्या मैदानाच्या भिंतीपासून वळसा घेऊन आली होती. दोघं कठड्याला टेकून उभे राहिले.

"घरी चल जेवायला," ऑरिन म्हणाला. "पॉला येईल संध्याकाळपर्यंत."

"बघतो. संध्याकाळी निघायचंय आम्हाला, चार तास गाडी आहे."

"गाडी कोण चालवतं?"

"डेल चालवतो हल्ली, माझ्याबरोबरचा पंच."

ऑरिनने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "क्लेट, मी उजवीकडे तोंड फिरवून बघतो."

"काय?"

"माणूस बघायचा असला की. मी उजवीकडे फिरवतो. तू डावीकडे फिरवतोस."

क्लेटनने बॅग खाली ठेवली. मैदानात बगळा पहिल्या पोराला पुढे ढकलत होता, आणि कर्ण्यावरचा माणूस काहीतरी विनोद करत होता.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"थियाने. आपण काय सांगतोय ते तिला कळलं नाही."

कठड्यावरचा रंग एका जागी उडाला होता, तिथे क्लेटन अंगठ्याने घासत राहिला.

"कधीपासून?" ऑरिनने विचारलं.

"मार्च. सरावाच्या मॅचेसपासून. आधी वाटलं झोप होत नाही. मग वाटलं मैदानावरचे दिवेच वाईट आहेत."

"मला वाटलं होतं डोळ्यात मशीनचं तेल उडालं," ऑरिन म्हणाला. "आठवडाभर साबणाने डोळे धूत होतो. तुझी आई ओरडायची." तो थांबला. "डॉक्टरकडे गेला नाहीस."

"काय सांगणार आहे तो? तुम्हाला माहीत नाही का काय सांगणार?"

"पॉलाला?"

"नाही."

"कोणालाच नाही?"

"तुम्हाला. आत्ता." त्याचा आवाज जरा चढला आणि त्याने तो खाली आणला. "पप्पा, एक पायरी राहिलीय. एकच. बारा उन्हाळे मोटेलात काढलेत मी. ही चालायला लागली तेव्हा मी ओमाहात होतो. सप्टेंबरमध्ये वरच्या लीगसाठी नावं ठरतात. म्हटलं तोवर ओढू. डावीकडे तोंड फिरवलं की दिसतं तसं. सरळ आलेला चेंडू दिसतो. वळणारा..."

"तो मास्कवरचा दिसला होता?"

मैदानात टाळ्या पडल्या, पोरं सुटायला लागली होती.

"आवाज ऐकला," क्लेटन म्हणाला.

ऑरिनने हात पुढे केला. तो आधी कठड्याला लागला, मग मुलाच्या दंडाला. दंड धरून तो उभा राहिला. क्लेटनने सोडवून घेतला नाही. लहान असताना तो असा कोणाला धरू द्यायचा नाही.

थोड्या वेळाने क्लेटन सरळ झाला आणि बोट दाखवून म्हणाला, "ती बघा. निघाली. निळा शर्ट."

ऑरिनने तोंड फिरवलं. तपकिरी पट्ट्यावर निळ्या रंगाचं काहीतरी सरकत होतं.

"हो. छान पळते."

"दुसऱ्या बेसला पोचली. हात बघा कसे टाकते. पॉलासारखे."

"डॅडी, माझी नाडी सुटलीय," थिया म्हणाली.

ती कठड्याच्या पलीकडे, त्यांच्या अगदी समोर उभी होती. रांगेतून निघून आली होती, एक पाय वर करून. तिने बापाचं बोट कुठे जातंय ते पाहिलं. मग निळ्या शर्टातल्या त्या मुलीकडे पाहिलं. तिचा स्वतःचा शर्टही निळा होता.

"ती कोण आहे?" तिने विचारलं.

क्लेटन खाली वाकला, कठड्याच्या गजांमधून हात घालून त्याने तिचा बूट आपल्याकडे ओढला आणि नाडी बांधली. घट्ट ओढून दुहेरी गाठ मारली, आणि गाठ मारून झाल्यावरही बूट धरून ठेवला.

"माझा नंबर जाईल," थिया म्हणाली.

"हो. जा."

ती दोन पावलं गेली आणि वळली. तिने एकदा आजोबांकडे पाहिलं, एकदा बापाकडे. "तुम्ही बघताय ना?"

"बघतोय," दोघं एकदमच म्हणाले.

ती पळाली आणि रांगेतल्या पोरांत मिसळून गेली. क्लेटन गुडघे झटकून उठला. खिशातून फोन काढून त्याने अगदी चेहऱ्याजवळ धरला, मान डावीकडे कलती करून नाव शोधू लागला. ते सापडायला वेळ लागला.

"कोणाला लावतोयस?"

"आमच्या साहेबांना. परवा रात्री पुन्हा प्लेटमागे मीच आहे." त्याने ओठांवरून हात फिरवला. "मला दिसत नाही, परवा एखाद्याला लागेल."

"मी जरा बाजूला होऊ?"

"नको. थांबा इथेच."

पलीकडे घंटी वाजत होती, ती ऑरिनलाही ऐकू येत होती. मग कोणीतरी फोन उचलला.

"सर, क्लेटन लुंडग्रेन बोलतोय. बेलफोर्डहून. नाही, नाही, बरा आहे मी, मास्कला लागला. त्यासाठी नाही केला फोन. दुसरंच सांगायचंय... हो. वेळ आहे ना तुम्हाला?"

ऑरिनने तोंड मैदानापासून उजवीकडे फिरवलं आणि डाव्या कडेला डोळे लावले. तिसऱ्या बेसवरून वळून छोट्या छोट्या आकृत्या येत होत्या, लाल, पांढऱ्या, निळ्या. त्यांतली थिया कुठली, हे सांगता येणं शक्य नव्हतं. एक पोर आलं. ऑरिनने काठी काखेत मारली आणि टाळ्या वाजवल्या. दुसरं आलं, त्यालाही वाजवल्या. मग एक पडलं, रडलं, आणि बगळ्याचा पंख धरून आलं, त्यालाही. एकामागून एक सगळ्यांना तो टाळ्या वाजवत राहिला. शेजारी क्लेटन फोनवर हळू आवाजात बोलत होता, मध्येच थांबत होता, आणि पोर आलं की मोकळ्या हाताने कठड्यावर थाप मारत होता.